एक एकराची ओसाड बाग: सुरुवात कुठून करावी?

ओसाडबाग:

नमस्कार मंडळी. वस्तीतली एक सार्वजनिक बाग बरीच वर्षं दुर्लक्षित आहे, ती पुन्हा उभी करायची आहे. जाणकारांचा सल्ला हवाय.

सध्याची परिस्थिती अशी. क्षेत्रफळ ४००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर. मोठी झाडं ११, त्यातल्या सहांच्या बुंध्याभोवती सिमेंटचे ओटे. मागच्या कोपऱ्यात घाणेरीचं रान, कुंपणालगत सुबाभूळ, उरलेल्या जागेत गाजर गवत. मधला भाग खेळून खेळून दगडासारखा झालाय. पाऊस पडला की दोन ठिकाणी डबकं साचतं. दोन फाटकांपैकी एक कायम कुलूपबंद, दिवे फुटलेले. एक नळ आहे, मिनिटाला १० लिटर, दिवसाला दोन तास. पण पाणी घालायला माणसं आठवड्यातून दोनच दिवस मिळतील. नियमित येणारे बारा जण. जागा स्थानिक प्रशासनाची, काम करायला तोंडी होकार आहे.

येत्या पावसाळ्यासाठी ५०० रोपं फुकट मिळतायत. लावून टाकावीत का? शिवाय लोकांत दोन तट पडलेत. एकांना हिरवळ आणि पेव्हर ब्लॉक हवेत, दुसऱ्यांना दाट जंगल. पक्षी-फुलपाखरंही यावीत आणि बायका, मुलं, म्हातारी माणसंही निवांत बसावीत, असं जमेल का?

मुळाक्षर:

५०० रोपं घेऊ नका. फुकट आहेत ती फक्त रोपं, पाणी फुकट नाही.

हिशेब बघा. नळाचे दोन तास म्हणजे १२०० लिटर. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे २४०० लिटर. पाऊस थांबल्यावर पहिल्या वर्षी झाडाच्या रोपाला आठवड्याला २० लिटर लागतं, झुडपाला १०. ५०० झाडांना १०,००० लिटर हवं, तुमच्याकडे त्याचा पाव हिस्साही नाही. मग सगळ्यांना थोडं थोडं शिंपडलं जातं, वरचे दोन इंच ओले होतात, मुळं वरच राहतात आणि ऊन चढलं की सगळी एकदम वाळतात. वृक्षारोपणाचे फोटो आणि वर्षानंतरची जागा यांच्यात जो फरक दिसतो तो बहुतेक इथूनच येतो.

आता जागेचा हिशेब. पूर्ण वाढलेल्या मोठ्या झाडाच्या पसाऱ्याचा व्यास १० मीटर धरला तर एक झाड जवळपास ७८ चौरस मीटर सावली धरतं. बागेच्या ४० टक्के भागावर सावली हवी तर १६०० चौरस मीटर, म्हणजे साधारण २० झाडं. अकरा तुमच्याकडे आहेतच. नवी फार तर १२ लावा, दोन-तीन मरतील हे धरून. त्यांच्यासोबत ७० झुडपं. पाणी लागेल २४० अधिक ७००, म्हणजे आठवड्याला ९४० लिटर. कडक उन्हाळ्यात दुप्पट लागलं तरी २४०० च्या आत बसतं. हे आकडे माझ्या आवडीचे नाहीत, तुमच्या नळाचे आहेत.

लावायच्या आधी माती बघा. ६ मिलिमीटरची लोखंडी सळई ओलसर जमिनीत हाताने दाबा. ३० सेंटीमीटर सहज गेली तर ठीक. १० सेंटीमीटरवर अडली तर माती दबलेली आहे, तिथे मुळंही अडतील. पाच-सहा ठिकाणी बघा, कारण पडक्या बागेत एकाच वाफ्यात अर्धी माती आणि अर्धा राडारोडा निघतो. राडारोड्याच्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं तर चुना भरपूर आहे असं समजा. अशा जागी नव्या पालवीची पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. लोक खत घालत बसतात. दोष खताचा नसतो, चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही.

मग निचरा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका, कोरडी माती खोटं सांगते. तासाला एक सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे खोल खड्डा खणून झाड लावणं म्हणजे त्याला हौदात उभं करणं. चिकण मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका, थोडी वाळू आणि चिकण माती मिळून आणखी घट्ट होते. कंपोस्टचा ५ सेंटीमीटर थर पसरा, पहारीने ३० सेंटीमीटर अंतरावर तितकीच खोल भोकं पाडा, वर पाचोळा घाला. माती मुठीत दाबून बघा. गोळा बोटाने सहज फुटला तर काम करा, चिकटून राहिला तर दोन-चार दिवस थांबा. ओल्या चिखलात केलेली मशागत माती आणखी दाबते.

खेळून दगड झालेला मधला भाग मात्र सोडा. तिथे मुलं खेळतायत, ती जागा कामात आहे.

लावण्याची रीत: खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या तिप्पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. कुदळीने बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडा, नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरतात. पिशवी पूर्ण काढा. पिशवीत गोल वळलेली मुळं दिसली तर कापून मोकळी करा, घाबरू नका. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे, भारी मातीत दोन-तीन सेंटीमीटर वरच ठेवा. खड्ड्यात निव्वळ शेणखत भरू नका, मुळं त्या गोडीत बसून राहतात, बाहेर पडत नाहीत. निघालेली मातीच परत घाला, खत वरून. पाचोळ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटीमीटर, बुंध्यापासून एक वीत लांब. बुंध्याला टेकवून ढीग केला की साल कुजते. आधाराची काठी वर्षाने काढायचीच, सैल सुतळी बांधा, तार नको. आणि रोप तीन-चार फुटांचं घ्या. दहा फुटांचं घेतलं तर फोटो चांगला येतो, पण त्याची निम्म्याहून जास्त मुळं रोपवाटिकेतच राहिलेली असतात आणि ते दोन वर्षं नुसतं उभं राहतं.

विळा_कोयता:

तणांबद्दल लिहितो. तिन्हीची रीत वेगळी आहे, एकाच विळ्याने तिन्ही कापत सुटलात तर पुढच्या वर्षी दुप्पट येतील.

गाजर गवत: फुलायच्या आत मुळासकट उपटायचे. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत ते फुलावर येते आणि एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. म्हणून पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी फेरी हवी. एकदाच मोठी मोहीम काढून उपयोग नाही. कापू नका, बुडातून फुटवे येऊन ते आणखी खाली, विळ्याच्या टप्प्याबाहेर फुलते. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल लागतोच. ज्यांना एकदा त्याचे पुरळ उठले त्यांना या कामावर पुन्हा घेऊ नका, त्रास दर खेपेला वाढतो. फुलाआधीचे गवत कंपोस्टमध्ये चालते, फुललेले नाही. उपटलेल्या जागी लगेच टाकळ्याचे बी फेका. टाकळा दाट उठतो आणि गाजर गवताला ऊन मिळू देत नाही. उघडी जमीन ठेवली तर तुमची सगळी मेहनत पुढच्या बियांसाठी मशागत ठरते. झायगोग्रामा नावाचा मेक्सिकोतला छोटा भुंगा गाजर गवताचा पाला खातो. पावसाळ्यात पांढुरक्या, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका, पण त्यांच्या भरवशावरही राहू नका.

सुबाभूळ: अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची झाडे जोरदार पावसानंतर उपटून निघतात. मोठे झाड शेंगा पिकायच्या आत कापा, पण कापल्यावर खरे काम सुरू होते. खुंटाला येणारे फुटवे दर तीन-चार आठवड्यांनी मोडत राहायचे, दीड-दोन वर्षे. मध्ये दोन महिने सुटले की मूळ पुन्हा ताकद धरते. बी मातीत दहा-दहा वर्षे टिकते, त्यामुळे खाली रोपांचा गालिचा उगवणारच. तो खुरप्याने काढता येतो. शेंगा नसलेला पाला आच्छादनाला उत्तम.

घाणेरी: वरून छाटणे हा सगळ्यात वाया जाणारा प्रकार. पहारीने भोवतालची माती मोकळी करून, खोड आणि मूळ जिथे जुळते त्याच्या खाली, जमिनीच्या तीन-पाच सेंटीमीटर आत मुख्य मूळ तोडायचे. फुटवे त्या जोडातून येतात, तो भाग निघाला की खालचे मूळ सहसा पुन्हा फुटत नाही. झुडूप उलटे करून, मुळे आकाशाकडे ठेवून वाळवा. आडवे टाकले तर फांदी जमिनीला टेकते तिथे मूळ धरते. दाट जाळीत घुसण्याआधी काठीने आपटत कडेकडून आत जा, आत साप असू शकतो.

पण एकदम सगळी घाणेरी काढू नका. बुलबुल, मुनिया, सातभाई यांना तूर्त तेवढाच आडोसा आहे. दरवर्षी एक चतुर्थांश काढा आणि तिथे स्थानिक झुडपे लावा, ती छातीएवढी झाली की पुढचा तुकडा. आधी रस्त्याकडची आणि पायवाटेकडची बाजू.

घनदाट:

मुळाक्षर, १२ झाडं म्हणजे फारच हात आखडता. दाट लागवडीचं तंत्र जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी दशकानुदशकं वापरून दाखवलंय. चौरस मीटरला तीन ते पाच रोपं, स्थानिक जाती, वेगवेगळ्या उंचीचे थर. दोन-तीन वर्षांत जमीन पूर्ण झाकली जाते आणि मग पाणीही लागत नाही. १०० चौरस मीटरला ३०० रोपं, म्हणजे ५०० ची सोय १७० चौरस मीटरमध्येच होते. आच्छादन जाड असलं तर एकेका रोपाला २० लिटरही लागत नाही, एकमेकांच्या सावलीत माती ओली राहते.

मुळाक्षर:

तंत्र चांगलं आहे, जागा चुकली की फसतं. मियावाकींचं काम मुख्यतः कारखान्यांच्या कडेच्या, बंदरांच्या, उजाड झालेल्या जमिनींवर होतं. तिथे कोणाला आत बसायचं नव्हतं. सार्वजनिक बागेत तीन वर्षांनी ती पानांची भिंत होते. आत दिसत नाही, पलीकडचं दिसत नाही. आणि त्यासाठी माती मीटरभर खोल उकरून भरपूर सेंद्रिय पदार्थ मिसळावा लागतो. हे काम जुन्या झाडाच्या मुळांवर केलं तर नवी ३०० जगवताना जुनं एक मरतं.

तरीही करायचंच असेल तर रहदारीच्या बाजूच्या भिंतीलगत, चार मीटर रुंद आणि १० मीटर लांब पट्टा करा. जुन्या झाडांपासून लांब, वाटेपासूनही लांब. चौरस मीटरला तीन धरून १२० रोपं बसतील. निम्मं पाणी धरलं तरी आठवड्याला १२०० लिटर त्यालाच जाईल, त्या वर्षी बाकीची लागवड थांबवा. जागेवरच्या गवताळ तुकड्यावर जंगल करू नका. गवतातही बिया खाणारे पक्षी आणि नाकतोडे असतात, ती रिकामी जागा नव्हे.

ओसाडबाग:

खूप आभार. ५०० चा मोह सोडला. १२ झाडं आणि ७० झुडपं यावरच जाऊ. आणखी दोन शंका. जुन्या झाडांभोवतीचे ओटे फोडायचे का? लोक त्यावर बसतात, त्यामुळे विरोध होतोय. आणि पाणी साचतं तिथे छोटं तळं करायचा विचार आहे, पण डासांच्या भीतीने निम्मे लोक नाही म्हणतायत.

मुळाक्षर:

ओटा फोडण्याआधी आत बघा. आतली माती बुंध्याला लागून वर चढवलेली असेल तर ती आधी काढा, हाताने, खुरप्याने. मूळची पातळी लागेपर्यंत, म्हणजे मुळांचा फुगवटा दिसेपर्यंत. श्वास घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. त्यांच्यावर वीतभर माती चढली की हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षं शेंडे वाळत राहतात आणि लोक कीड शोधत बसतात. भर काढताना दिसलेली बारीक, नवी मुळं साल चिरून बुंध्यातूनच आली असतील तर छाटा, खालची जाड मुळं अजिबात तोडू नका.

सिमेंट छिन्नी-हातोड्याने तुकड्या-तुकड्यांनी फोडा. ब्रेकर मशीन आत आणू नका, मुळं आणि साल दोन्ही ठेचतात. बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा आणि त्याची बारापट घ्या, तेवढ्या त्रिज्येत खणणं नाही, गाडी नाही, साहित्य रचणं नाही. बुंधा ३० सेंटीमीटरचा असेल तर ३.६ मीटर. विरोधावर उपाय सोपा आहे. आधी शेजारी बाकं बसवा, मग ओटा फोडा. उलट क्रमाने केलंत तर बसायची जागा गेली एवढंच लोकांना दिसेल.

निळी_टाचणी:

तळ्याआधी एक वेगळी गोष्ट सुचवते. दोन डबक्यांपैकी एक तळं करायचं, दुसरं शोषवाफा. शोषवाफ्यात पाणी जिरतं, साठत नाही, म्हणून डासांचा प्रश्नच येत नाही. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उष्ण हवेत सात ते दहा दिवस लागतात. दोन दिवसांत जिरणाऱ्या पाण्यात एकही पिढी पूर्ण होत नाही.

आकार असा काढा. वाटेवरून आणि छपरावरून मिळून १५० चौरस मीटरचं पाणी तिथे येतं असं धरू. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर ३७५० लिटर, म्हणजे ३.७५ घनमीटर. वाफा १५ सेंटीमीटर खोल ठेवला तर २५ चौरस मीटर लागेल. तासाला एक सेंटीमीटर जिरत असेल तर पंधरा तासांत रिकामा. अर्धाच सेंटीमीटर जिरत असेल तरी तीस तास, चालेल. वर मुळाक्षरांनी सांगितलेली खड्ड्याची चाचणी इथेच करा. तळ सपाट हवा, उतार आला की सगळं पाणी एका टोकाला. पाणी आत येतं तिथे मूठभर गोटे, नाहीतर माती वाहून जाते. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट! ती विसरली की पहिल्या मुसळधार पावसात काठ फुटतो. इमारतीपासून किमान तीन मीटर दूर.

आता तळं. डास थांबतात ते त्यांना खाणारे असल्यामुळे. चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या, पाणकिडे, बेडूक हे सगळे आपोआप येतात, पण हे पाणी सापडून तिथे स्थिरावायला त्यांना काही आठवडे लागतात. तो पहिला काळच धोक्याचा. तेव्हा बीटीआयच्या वड्या टाका, डासांच्या अळ्यांना मारणारा तो जिवाणू आहे, चतुरांना आणि बेडकांना त्रास देत नाही. गप्पी किंवा गॅम्बुसिया मासे कोणीतरी आणून सोडेलच, त्याला आधीच अडवा. गॅम्बुसिया बेडूकमासे आणि चतुरांच्या अळ्याही फस्त करतो, म्हणजे फुकटचे राखणदार गेले. आणि सांडव्यातून बाहेर गेला तर ओढ्या-नाल्यांतले स्थानिक मासेही.

खोली मध्ये ५० सेंटीमीटर पुरे. काठाचा उतार एकास तीन किंवा त्याहून सौम्य ठेवा, म्हणजे ५० सेंटीमीटर खोलीसाठी काठापासून दीड मीटर आत जावं लागेल. मूल घसरलं तरी चालत बाहेर येतं, बेडूकही, कडेला पाणी प्यायला येणारा पक्षीही. माती पाणी धरत नसेल तर अस्तर घाला. त्याची लांबी म्हणजे तळ्याची लांबी अधिक दुप्पट खोली अधिक ६० सेंटीमीटर, रुंदीलाही तसंच. ४ बाय ३ मीटरच्या तळ्याला ५.६ बाय ४.६ मीटर. खाली जुनं पोतं किंवा जाड कापड अंथरा, नाहीतर खडा अस्तर फाडतो आणि मग गळती शोधण्यात उन्हाळा जातो. पाण्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा पाणवनस्पतींनी झाकलेला असू दे. जलपर्णी नको, ती महिन्याभरात सगळं झाकते.

डासांची खरी जागा तळ्यात शोधू नका. फुटके टायर, कुंड्यांच्या थाळ्या, झाकण नसलेली टाकी आधी बघा. एडिसची (डेंगी पसरवणाऱ्या डासाची) अंडी कोरड्या भांड्याच्या काठाला महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी फेकून भागत नाही, आतून घासावं लागतं. पक्ष्यांच्या पाण्याच्या ताटल्यांनाही हेच. दोन ते पाच सेंटीमीटर खोल, खरबरीत, आणि दोन-तीन दिवसांनी घासून भरलेल्या.

फुलपाखरांसाठी फुलझाडांपेक्षा अळीची झाडं, म्हणजे ज्यांचा पाला अळ्या खातात ती, महत्त्वाची. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबाळी, रुईवर बिबळ्या कडवा. झाडाची पानं कुरतडलेली दिसणार, ते यश आहे असं लोकांना आधीच सांगा. नाहीतर कोणीतरी भल्या मनाने फवारणी करून जाईल. मधमाश्यांच्या बहुतेक जाती पोळं बांधत नाहीत, जमिनीत बिळं करतात. उन्हातला, उतारावरचा, चार चौरस मीटरचा तुकडा उघडा ठेवा, तिथे आच्छादनही नको. आणि जुन्या झाडाची एखादी वाळलेली फांदी, जिच्याखाली कोणी बसत नाही, ती राहू द्या. तांबट जिवंत लाकडात घर कोरत नाही.

कट्टेकरी:

हे सगळं ठीक, पण बाग रिकामी पडली तर पुन्हा कचऱ्याची जागा होईल. माणसांकडे वळू.

कोणतंही बांधकाम ठरवण्याआधी एका आठवड्यात दोन दिवस मोजणी करा. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री साडेआठ. कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक. बागेच्या नकाशाच्या झेरॉक्सवर खूण करा: कोण, कुठे, काय करतंय. पुरुष, बायका, मुलं, वृद्ध वेगळे. एखाद्या वेळी बायका अजिबात दिसत नसतील तर त्यांना नको आहे असं नव्हे, भीती वाटते. कुठल्या कोपऱ्याची ते त्यांनाच विचारा, पुरुषांच्या बैठकीत ते कळणार नाही.

न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क यातलं गाजलेलं उदाहरण. ते रस्त्यापासून उंचावर आणि झुडपांच्या कुंपणाआड होतं, सत्तरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात गेलं होतं. विल्यम व्हाइट यांनी माणसं सार्वजनिक जागा कशा वापरतात याचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. त्यांनी सांगितलं की बाहेरून आतलं दिसत नाही हाच रोग आहे. १९८८ मध्ये बाग बंद झाली, १९९२ मध्ये उघडली तेव्हा कुंपणाची झुडपं गेली होती, प्रवेश रुंद केले होते आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

तुमच्यासाठी यातून तीन कामं निघतात. पहिलं, ते बंद फाटक उघडा. एकच वाट असलेल्या जागेत माणूस मनातून अडकतो. दुसरं, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर झुडपं गुडघ्यापर्यंतच, आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, सव्वादोन मीटरपर्यंत मोकळ्या. दाट भाग आत, वाटेपासून दूर. तिसरं, बाकं वाटेला पाठ करून नकोत. उंची ४५ सेंटीमीटर, पाठ आणि हात हवेतच, हाताशिवाय म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. दर ५० मीटरला एक, दोन-तीन बाकं एकमेकांना काटकोनात. निम्मी सकाळच्या उन्हात, निम्मी दुपारच्या सावलीत.

दिव्यांबाबत निळी_टाचणी रागावतील, पण अंधार चालणार नाही. चार-पाच मीटरचे खांब, प्रकाश फक्त खाली पडेल असं झाकण, रंग ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळा. निळसर पांढऱ्या दिव्यावर कीटक जास्त येतात. एकच झगझगीत हॅलोजन लावला तर त्याच्यामागचा अंधार आणखी गडद होतो. प्रकाश कमी असो, पण वाटेवर सगळीकडे सारखा असू दे. मागच्या रानाच्या कोपऱ्यात दिवा नको.

हिरवळ-जंगल वादावर अमेरिकेतल्या जोन नॅसॉअर या लँडस्केपच्या अभ्यासक नव्वदच्या दशकात एक गोष्ट मांडून गेल्या आहेत. रानटी वाढ लोकांना खुपत नाही, बेवारस वाढ खुपते. उंच गवताच्या कडेने वाटेलगत एक मीटर पट्टी नीट कापलेली ठेवा. त्यामागे गवत कमरेएवढं असलं तरी कोणी तक्रार करत नाही. ते गवत बी पडल्यावर वर्षातून एकदाच कापा आणि कापलेलं उचलून न्या. उन्हाळ्यात वाळल्यावर आगीचा धोका असतो, म्हणून भिंत आणि गवत यांच्यात दोन मीटर मोकळे. हिरवळ हवी असणाऱ्यांना मधल्या जागेच्या कडेला २०० चौरस मीटर द्या, पाणी लावून आणि कापून सांभाळायची जबाबदारी त्यांचीच. सांभाळतील तेवढी वाढवतील.

घनदाट:

पटलं. भिंतीलगतचा पट्टा चालेल.

पाचोळा:

पाला जाळू नका, एवढंच सांगायला आलो. कोंबड्यांच्या जाळीचा मीटरभर व्यासाचा पिंजरा, त्यात वाळलेली पानं दाबून. आठ-दहा महिन्यांत खत. होत नाही अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा पानं कोरडी असतात. भरतानाच प्रत्येक थर ओला करा, नंतर वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं. हिरवा कचरा घालणार असाल तर तीन भाग वाळलेलं, एक भाग हिरवं, आणि दर पंधरा दिवसांनी उलथा. वास आला म्हणजे हिरवं जास्त झालं. पिंजरा भिंतीला किंवा झाडाला टेकवून ठेवू नका. कोणीतरी काडी टाकतोच.

ओसाडबाग:

बरंच स्पष्ट झालं. शेवटचं विचारतो. तोंडी होकारावर काम सुरू करावं का? आणि पेव्हर ब्लॉकच्या जागी मुरुमाची वाट चालेल का? वाटेची लांबी १२० मीटर, रुंदी दीड मीटर.

कट्टेकरी:

तण काढणं आणि मोजणी तोंडी होकारावर चालेल. सुबाभूळ कापणं, ओटे फोडणं, तळं खणणं नाही. झाड तोडायला बहुतेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते, सुबाभळीलाही लागू शकते, आधी विचारा. लेखी कागदात एवढं असू द्या: नळाचं पाणी आणि बिल कोणाकडे, फाटकाच्या किल्ल्या कोणाकडे, कापलेला माल कोण उचलणार, फवारणी आणि गवत कापणी तुम्हाला विचारून होणार, आणि अधिकारी बदलला तरी कागद कायम. पाचवं कलम सगळे विसरतात. खणण्याआधी जमिनीखालच्या वीज-पाणी-मलनिस्सारणाच्या नळ्यांचा नकाशा मागून घ्या.

बारा जणांचे पाण्यासाठी चार-चारचे तीन गट करा, प्रत्येकाला तिसऱ्या आठवड्याला पाळी. प्रत्येक रोपाला क्रमांकाचा पत्रा आणि एक वही: तारीख, पाणी घातलं का, पालवी कशी. मेलेल्या रोपाचं कारण लिहा. पाणी नाही, कुत्र्याने उकरलं, गवत कापताना यंत्र लागलं. शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, म्हणून बुंध्याभोवती अर्ध्या मीटरचं आळं आच्छादनासह हवं, तिथे यंत्र यायचं कामच उरत नाही. बाकी लोकांसाठी महिन्यातून ठरलेला एक दिवस, दोन तास. दर आठ-दहा जणांमागे काम सांगणारा एक.

मुरुमाची वाट चालेल, पाणीही जिरेल. लोक आधीच चालतात त्या पायवाटेवरच टाका, आखीव वाट केली तर शेजारून पुन्हा पायवाट पडेल. मध्यापासून कडेला ५० ला १ असा ढाळ, लांबीचा चढ २० ला १ पेक्षा जास्त नको, चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला झेपत नाही. फाटकात अडथळे लावताना ९० सेंटीमीटर मोकळी जागा सोडा. थर १० सेंटीमीटर दाबून झाल्यावर, दोन थरांत, पाणी मारून रोलर. १२० गुणिले १.५ गुणिले ०.१, म्हणजे १८ घनमीटर दाबलेला. मुरूम दबल्यावर बसतो, म्हणून २३ घनमीटर मागवा. झाडाच्या बारापटीच्या घेरातून वाट जात असेल तिथे खणू नका आणि रोलरही नको. मातीवरच सात-आठ सेंटीमीटर लाकडाचा भुसा-तुकडे पसरा, दरवर्षी भर घालावी लागेल.

मुळाक्षर:

रोलर चिखलात फिरवू नका. पाऊस संपून माती वाफशावर आली, म्हणजे मुठीतला गोळा सहज फुटू लागला, की मगच. आणि मुरूम आणणारा ट्रक जुन्या झाडांखाली रिकामा करतो, ढीग कुठे टाकायचा ते आधीच चुन्याने आखून ठेवा.